विहिरीची पाळी आणि पिवळी पट्टी

पहिले तीन दिवस मी नुसती हत्यारं जमवत होते, आणि खरं सांगते, इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती. लग्नात सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं. इथे एकेक गोष्ट मी निवडत होते: कोड वाचायला कोणता एडिटर घ्यायचा, कोणत्या रंगात, केवढ्या अक्षरात, त्यातलं काही शोधायचं तर कशाने, आणि चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून बघायचा तर कशाने. पुढ्यात जुना लॅपटॉप, शेजारी मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि डोक्यावर टांगती तलवार. तलवार म्हणजे धाकट्या मामांनी सांगितलेली बोअरची गाडी.

मामा म्हणजे माझे सासरे आणि धाकटे मामा म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. आमचं गाव काष्टीपासून जवळ. दोघांची घरं वेगळी, शेतं वेगळी, मधे एक बांध. पण विहीर एक आणि तिच्यावर मोटर एक. पाण्याची पाळी पाच-पाच दिवसांची: पाच दिवस त्यांचे, पाच दिवस आमचे. विहिरीतून निघालेल्या पाईपला एक कॉक आहे. तो इकडे फिरवला की पाणी आमच्या वाफ्यांत, तिकडे फिरवला की त्यांच्या.

पाच दिवसांच्या पाळीला वार लागत नाही, त्यामुळे घोळ व्हायचे. लाईट गेली, मोटर जळाली की तेवढे दिवस पुढे सरकायचे. मोटरच्या खोलीच्या दारावर खडूने खुणा असत, आणि पाळी बदलायच्या सकाळी दोघे भाऊ त्या दारासमोर उभे राहून आज कितवा दिवस यावर बोलत असत. बोलता बोलता किटलीभर चहा संपायचा. माझं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगराकडचं. आमच्याकडे भाताच्या खाचरात पाणी आभाळातून पडतं आणि एका खाचरातून दुसऱ्यात आपलं आपण उतरतं, त्याला कुणी पाळी लावत नाही. मला हे सगळं पाहून वाटायचं, काय हा वेळेचा खेळखंडोबा! मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि माझ्या घरात खडूच्या खुणा?

म्हणून दिवाळीनंतर मी एक प्रोग्रॅम बसवला. तो कुठल्याशा थंड देशातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहातल्या कपडे धुवायच्या मशीनसाठी लिहिलेला होता: मशीन एक, पोरं अनेक, कोणाची पाळी कधी. फुकट होता, आणि त्याचा सगळा कोड कुणीही उघडून वाचावा, बदलावा असा खुला ठेवलेला होता. मी काही वाचलाबिचला नाही. 'वॉशिंग मशीन' खोडून 'विहीर' लिहिलं, बाकीचे शब्द मराठीत केले. बसवताना त्याने वीसेक प्रश्न विचारले, त्यांना भराभर हो-नाही करत सुटले. प्रोग्रॅम माझ्याच लॅपटॉपवर चालायचा आणि पाळी बदलली की दोघांच्या मोबाईलवर मेसेज जायचा. खडू गेला, घोळ गेला. मी कॉलेजभर मिरवले.

दोन महिने सुरळीत गेले, कारण दोघेही मेसेज उजाडल्यावरच बघायचे. मग एका गुरुवारी मामा नेहमीपेक्षा लवकर, पहाटे पाचला उठले, मोबाईल बघितला, तर मेसेज आलेला: आजपासून तुमची पाळी. त्यावर विसंबून त्यांनी जाऊन कॉक फिरवला. धाकट्या मामांचा शेवटचा दिवस मावळला होता, पण रात्र अजून त्यांची होती. विहिरीचा दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो, रात्री बाराला नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या प्रोग्रॅमला ठाऊक नव्हतं, कारण मशीन लावणाऱ्या विद्यार्थ्यांचा दिवस बाराला बदलत होता, आणि मला ठाऊक नव्हतं, कारण मला पाळीच ठाऊक नव्हती. धाकट्या मामांचे कांद्याचे दोन वाफे कोरडे राहिले.

सकाळी ते आमच्या अंगणात आले आणि आत न येताच बोलले. "पुढली पाळी मंगळवारी. तवर त्ये फोनचं नीट झालं तर झालं. न्हाईतर बुधवारी माझी बोअरची गाडी येती. मी माझं पानी घेतो, दादाला त्याचं लखलाभ."

बोअर म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. विहिरीशेजारी बोअर खोल गेलं की विहिरीचं पाणी तिकडे ओढलं जातं, मग आम्हालाही बोअर घ्यावं लागणार, आणि मग ती विहीर नुसता खड्डा. दोन घरांत सामाईक असं तेवढंच उरलं होतं.

माझी जीभ नेहमी माझ्या पुढे धावते. "मी नीट करते, मामा. मंगळवारच्या आत," मी म्हणाले. त्या क्षणापर्यंत मी त्या कोडची एकही ओळ पाहिलेली नव्हती.

आणि तरी सांगते, दुपारी कॉलेजातून घरी येताना मला भीतीपेक्षा आनंद जास्त झाला होता. बारा वर्षं मी पुस्तकातले प्रोग्रॅम शिकवतेय: दोन संख्यांची बेरीज, वर्गाची यादी चढत्या क्रमाने. खऱ्या माणसांनी खऱ्या कामासाठी लिहिलेला, शंभर-दीडशे फायलींचा कोड मी कधी आतून पाहिला नव्हता. आता पाहायला मिळणार होता, आणि तोही नाइलाजाने! म्हणजे घरात कुणी 'काय त्या लॅपटॉपला चिकटलीस' म्हणणार नव्हतं.

तर हत्यारं. आधी मी सगळ्यात मोठा एडिटर उतरवून घेतला, मोठमोठ्या कंपन्यांत वापरतात तो. हॉटस्पॉटवर तो उतरायलाच संध्याकाळ झाली. उघडला तर लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला, आणि मी अक्षर दाबलं की ते एक श्वास घेऊन उमटायचं. काढून टाकला. शुक्रवारी हलका एडिटर घेतला आणि त्याला जोडायच्या लहान-लहान सोयींच्या मागे लागले. ही कंस रंगवते, ती फायलींना चित्रं लावते, तिसरी कोणती ओळ कोणी कधी लिहिली ते सांगते. सतरा सोयी जोडल्या. रंगांत तर मी तासभर रमले. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत अक्षरं, अगदी सिनेमातल्यासारखी! पण मी बसते ओट्यावर, दुपारच्या उजेडात. काळ्या पडद्यात मला कोडऐवजी माझं तोंड आणि मागे वाळत घातलेल्या गोधड्या दिसायला लागल्या. शेवटी पांढरा साधा रंग घेतला.

शनिवार त्याहून अवघड गेला. प्रोग्रॅम त्याच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला आणि माझ्याकडे कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी नवी. नवीला हात लावला तर सोमवारी वर्गात फजिती. मग लॅपटॉपमध्येच एक वेगळा बंदिस्त कप्पा करायचा, जुनी आवृत्ती त्यात ठेवायची आणि बाहेरच्याला धक्का लावायचा नाही, हे शिकले. माहिती साठवायला सूचनांमध्ये एक भलाथोरला डेटाबेस सांगितला होता. तो मी सरळ नाकारला आणि एका फायलीत मावणारा निवडला, म्हणजे पाळीच्या माहितीची प्रत काढायची, मनसोक्त बिघडवायची, फेकायची, पुन्हा प्रत काढायची. हा निर्णय मला इतका आवडला की मी उठून स्वतःसाठी चहा केला.

संध्याकाळी मामा धार काढून आले. "कुठवर आलं?"

"सगळं बसवलं, मामा."

"काय बसवलं?"

"वाचायची तयारी."

त्यांनी बादली खाली ठेवली. "आन वाचलं किती?"

उत्तर शून्य होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "परवा संपली म्हनायची पाळी," एवढंच बोलून ते आत गेले. मला स्वतःचा असा संताप आला की सतरातल्या तेरा सोयी मी एका दमात उडवून लावल्या. कंसांचे रंग काय, चित्रं काय! माणसं बोलेनाशी झालीत आणि मी फायलींना चित्रं लावत बसले होते.

उरल्या चार. एक शोधायची: शब्द दिला की दीडशे फायलींत तो कुठे-कुठे आहे ते क्षणात दाखवणारी. दुसरी उडी मारायची: एखादं काम जिथे बोलावलंय तिथे कळ दाबली की ते काम जिथे लिहिलंय तिथे नेऊन सोडणारी. तिसरी थांबवायची, डीबगर: ओळीसमोर लाल ठिपका ठेवला की चालता प्रोग्रॅम तिथे येऊन उभा राहतो, ती ओळ पिवळी होते, आणि मग कळ दाबू तशी पिवळी पट्टी एकेक पाऊल पुढे सरकते. आणि चौथं होतं खोटं घड्याळ.

हे खोटं घड्याळ माझा सगळ्यात लाडका शोध. मंगळवारी सकाळी प्रोग्रॅम काय करील हे बघायला मंगळवारपर्यंत थांबलं तर बोअरची गाडी दारात. पण प्रोग्रॅमला तरी वेळ कोण सांगतं? लॅपटॉपचं घड्याळ. तर मधे दुसरं घड्याळ बसवायचं, आणि ते म्हणेल ती वेळ. रविवारी सकाळी मी त्यात मंगळवार घातला. प्रोग्रॅमने मुकाट्याने मंगळवार मानला! मी मंगळवार केला, सोमवार केला, पुन्हा मंगळवार केला. ओट्यावर एकटीच टाळ्या पिटत होते. सासूबाईंनी दारातून डोकावून पाहिलं आणि काही न विचारता परत गेल्या.

मग वाचत सुटले. तारीख बदलण्याचा शब्द शोधला तर चौदा ठिकाणी सापडला. एकेका ठिकाणाहून उडी मारत आत गेले. परक्या घरात सगळी दारं उघडी असावीत आणि कुणी अडवू नये, तसं वाटत होतं. एका ठिकाणी कुणीतरी लिहून ठेवलं होतं की हा भाग का चालतो ते मला कळत नाही, पण चालतोय, हात लावू नका. मला त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. माझ्या चपात्यांचंही असंच आहे.

दुपारी तीनच्या सुमाराला जागा सापडली. एका ओळीत दिवस बाराला बदलत होता. मी तिथे आमच्या गावाच्या सूर्योदयाची वेळ काढून देणारी आणखी एक ओळ घातली. खोटं घड्याळ मंगळवार बारावर लावलं: पाळी बदलली नाही. पाचला: नाही. दिवस उगवला: बदलली! मी अशी ओरडले की गोठ्यातल्या म्हशीनेही मान वर केली. जिंकलं होतं मी.

सोमवारी रजा टाकली आणि लॅपटॉप काखेत मारून बांध ओलांडून धाकट्या मामांकडे गेले. ते गोठ्यापुढे बाजेवर बसले होते. मला बघून थोडे सरकले, एवढंच. मी लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि सुरू झाले. हे बघा मंगळवार, हे बघा बारा, हा डीबगर थांबला, ही पिवळी पट्टी चालली, बदलली का पाळी? नाही. हे बघा पाच. हा बघा सूर्य उगवला. आता बदलली!

त्यांनी सगळं नीट बघितलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण नजर पट्टीवरून हलली नाही. "परत कर," म्हणाले.

मी परत केलं.

"अजून एकदा."

पुन्हा केलं. त्यांनी बोट पुढे केलं. "ही पिवळी पट्टी एकेक वळ उतरती. मग हितं आल्यावर खाली उडी का मारती? मधल्या दहा-बारा वळी तिनं सोडल्या."

ती उडी मी रविवारपासून पन्नासदा पाहिली असेल. माझं काम खालच्या ओळीत होतं, म्हणून मधे काय आहे ते बघितलंच नव्हतं.

"काय लिवलंय त्यात?"

मी वाचलं. वाचता वाचता आवाज खाली गेला. "लिहिलंय की... पाळी बदलायच्या आधी देणाऱ्याला विचारा, झालं का. मग घेणाऱ्याला विचारा, मिळालं का. दोघं हो म्हणेपर्यंत पाळी बदलू नका."

"मंग पट्टी त्ये का सोडती?"

त्या ओळींच्या वर अट होती: विचारणं हवं असेल तरच. आणि ते हवं की नको, हे प्रोग्रॅम बसवताना विचारलेल्या वीस प्रश्नांतला एक प्रश्न होता. मी ती फाईल उघडली. उत्तर समोर होतं: नको. माझंच उत्तर. कपडे धुणाऱ्या परदेशी पोरांनासुद्धा सुचलं होतं, एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नये आणि विचारून द्यावं. मला सुचलं नव्हतं.

"कुनी सांगितलं नको म्हनून?"

विद्यार्थ्यांवर ढकलता आलं असतं. धाकट्या मामांना काय कळणार होतं? "मीच, मामा. मला वाटलं, दर पाच दिवसांनी तुम्ही दोघं तासभर विहिरीवर उभे राहता, तो वेळ वाचेल."

"वाफ्याचं काय," ते म्हणाले, "वाफा दुसऱ्या दिवशी बी भिजतो. पर दोन म्हैनं झालं, दादानं मला 'झालं का' म्हनून इचारलं न्हाई. आदी त्यो यायचा. आता फोन येतो."

मला रडू आलं. त्यांच्यापुढे रडायला नको म्हणून मी खाली मान घालून ते 'नको' खोडलं आणि 'हवं' लिहिलं. घड्याळ पुन्हा मंगळवारच्या सूर्योदयावर आणलं. पिवळी पट्टी उतरत-उतरत त्या अटीपाशी आली, आणि या वेळी उडी न मारता आत शिरली. झालं का, या ओळीवर येऊन थांबली.

"आता?" धाकट्या मामांनी विचारलं.

"आता मामांनी हो म्हटल्याशिवाय ती पुढे जाणार नाही."

"दिवस उगवून गेला तरी?"

"दुपार झाली तरी."

त्यांनी मान हलवली, पण बोअरबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. घरी येऊन मामांना मात्र सगळं सांगितलं, 'नको'सुद्धा. ते ऐकून नुसतं "हं" म्हणाले आणि चपला घालून म्हशीकडे गेले.

मंगळवारी मी दिवस उगवायच्या आधीच लॅपटॉप उघडून बसले. खोटं घड्याळ काढलेलं, खरा मंगळवार, खरी वेळ. पाळी आमच्याकडून त्यांच्याकडे जायची होती. सूर्य वर आला. पडद्यावर आलं: देणाऱ्याची संमती बाकी. पाच मिनिटं, दहा, वीस, तसंच. बिघडलं काय? मेसेज गेलाच नाही? ओळ चुकली? अर्धा तास झाला तेव्हा मी लॅपटॉप तसाच टाकून विहिरीकडे पळाले.

मोटर चालू होती. मोटरच्या खोलीच्या खिडकीत दोन मोबाईल शेजारी-शेजारी ठेवलेले होते. खाली दोघे भाऊ उकिडवे बसले होते, मधे किटली. मामांचा मोबाईल उजळलेला, त्यावर माझाच मराठी प्रश्न: झालं का? त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

तेवढ्यात धाकट्या मामांचा मोबाईल वाजला. उद्या गाडी आणायची तर वाट कुठून आहे, असं पलीकडून कुणी विचारत होतं. त्यांनी ऐकून घेतलं. "न्हाई, येऊ नगा," ते म्हणाले. "आमच्या हिरीला पानी हाय."

फोन खिडकीत ठेवला, आणि मामांकडे वळून त्यांनी विचारलं, "झालं का, दादा?"

"एक वाफा ऱ्हायलाय."

"मंग बसतो की," धाकटे मामा म्हणाले, आणि त्यांनी किटली पुढे ओढली.